टीव्ही बघणं वेगळं, उशाशी टीव्ही असणं वेगळं

मुलीच्या खोलीत टीव्ही लावायचा असं आमच्या घरात कुणीच ठरवलं नव्हतं. तो पुराने आणला. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा साडेसत्तावन्न फुटांवर गेली. त्याआधी, गावभागातल्या सगळ्यांसारखं, आम्हीही उचलता येईल ते माडीवर नेत होतो. गव्हाची पोती, गॅसच्या टाक्या, देव आणि चादरीत गुंडाळलेला बत्तीस इंची टीव्ही. पाणी ओसरलं, चिखल काढला, भिंतींना रंग दिला, दिवाळीत खालच्या सोप्यात नवा मोठा टीव्ही आला. जुना विकायला काढला तर दुकानदार म्हणाला, "पंधराशे देतो, सर." पंधराशेला काय द्यायचा, म्हणून तो वरच राहिला. वर मुलीची खोली. ती तेव्हा पहिलीत होती.

पूर नसलेल्या घरांतही बहुतेक असंच होतं. नवा आला की जुना आत सरकतो. जुना डबा टीव्ही असेल तर त्यात आणखी एक भानगड असते. एकवीस इंची डबा वीसेक किलोचा, तो ठेवायचा कपड्यांच्या कपाटावर, आणि खालचा खण उघडून त्यावर पाय देऊन चढणारं पोर घरात. झोपबिप राहू दे, तो डबा आधी खाली उतरवा.

मी शाळेत शिकवतो, त्यामुळे पालकांशी बोलणं रोजचंच. खोलीतल्या टीव्हीचा विषय निघाला की उत्तर ठरलेलं: "तसाही बघतोच की ओ सर. खाली बघितला काय नि वर बघितला काय!" मीही पाच वर्षं हेच म्हणत होतो. यात दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेत. मूल टीव्ही किती बघतं हा एक. मूल झोपतं तिथे टीव्ही आहे का हा दुसरा. पहिला मापाचा आहे, दुसरा मांडणीचा. साखर किती खायची आणि साखरेचा डबा कुठल्या फळीवर ठेवायचा, या जशा दोन गोष्टी, तसंच.

मापाचं उत्तर बऱ्यापैकी ठरलेलं आहे. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2021 मध्ये पालकांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. दोन वर्षांखालच्या बाळाला स्क्रीन नको. कधीतरी परगावच्या आजीशी व्हिडिओ कॉल चालेल. दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, पाच ते दहा वर्षांत दोन तासांच्या आत. हे आकडे पालकांना माहीत असतात. त्याच सूचनांमध्ये झोपायच्या खोलीत स्क्रीन नको असंही म्हटलंय, ते मात्र कुणी लक्षात ठेवत नाही. आकडा लक्षात राहतो, कारण त्यावरून मुलाला रागावता येतं. मांडणी आपण स्वतः केलेली असते, त्यामुळे तिथे रागवायला कुणी सापडत नाही.

आता दोन्ही टीव्ही शेजारी ठेवून बघा.

आमच्या सोप्यातला टीव्ही संध्याकाळी सातला लागतो आणि तिथून पुढे तो कुणा एकाचा नसतो. साडेसातपासून आईच्या मालिका. मधल्या जाहिरातीत भाऊ चॅनल बदलून स्कोअर बघतो, आई ओरडते, तो परत लावून देतो. नऊला मला बातम्या हव्या असतात. या सगळ्यात पोरांच्या वाट्याला येतो अर्धा तास, तोही भांडून. उरलेल्या वेळेत सासूने सुनेच्या चहात काय टाकलं हे बघायचा त्यांना कंटाळा येतो आणि ती उठून अंगणात जातात, नाहीतर स्वयंपाकघरात लुडबुड करतात. चारचौघांतला टीव्ही मुलांना स्वतःच हाकलतो, हे मला फार उशिरा कळलं. कुणी पहारा देत नाही, पण दुसऱ्यांच्या आवडीनिवडी आपोआप कुंपण घालतात. शिवाय पडद्यावर काही भलतंच आलं तर कुणीतरी खाकरतं, कुणीतरी "हे काय लावलंय" म्हणतं. कधी मुलगी विचारते, "पप्पा, जामीन म्हणजे काय?" आणि दहा मिनिटं त्यात जातात.

वरच्या खोलीतल्या टीव्हीला एकच मालकीण. रिमोटसाठी भांडण नाही, म्हणजे थांबायला कारणही नाही. आमच्या लहानपणी दूरदर्शनच रात्री झोपायचं. कार्यक्रम संपले की पडद्यावर मुंग्या यायच्या आणि आपण मुकाट्याने अंथरुणात शिरायचो. आता एक भाग संपला की पाच-दहा सेकंदांत दुसरा आपणहून सुरू होतो. त्याला थांबवण्यासाठी हात हलवावा लागतो, चालू ठेवण्यासाठी काहीच करावं लागत नाही. दहा-अकरा वर्षांच्या पोरीने रात्री दहाला एवढा निग्रह दाखवावा अशी आपली अपेक्षा असते. मला तो क्रिकेटच्या मॅचला जमत नाही.

एका रात्री पाण्याची टाकी भरली का बघायला पावणेबाराला वर गेलो. तिच्या दाराखालच्या फटीतून निळा उजेड कमी-जास्त होत होता. आत गेलो तर पोरगी उशीला टेकून बसल्या-बसल्या झोपलेली, रिमोट पोटावर, पांघरुणावर शेवेचे कण, आणि समोर कपडे धुण्याच्या पावडरीची जाहिरात तारस्वरात. मी टीव्ही बंद केला. आवाज थांबला तशी ती दचकून जागी झाली आणि म्हणाली, "बंद का केला? मी बघत होते."

हे वाक्य मी बरेच दिवस डोक्यात घेऊन फिरलो. आवाज चालू असताना झोपलेली पोरगी शांततेने जागी झाली. झोपेच्या डॉक्टरांना यात नवल वाटणार नाही. ज्या गोष्टीच्या सोबतीने रोज डोळा लागतो, तिची झोपेला सवय होते. कुणाला अंगाई लागते, कुणाला आजीचा पदर. टीव्हीची सोबत वाईट अशासाठी की ती एकसुरी नसते. मध्येच जाहिरात मोठ्याने येते, उजेड बदलतो आणि झोप वरचेवर हलत राहते. सकाळी मूल उठतं, पण झोप पुरी झालेली नसते.

उजेडाबद्दल मात्र थोडं जपून बोलायला हवं. अंधार पडला की मेंदू मेलाटोनिन नावाचं संप्रेरक सोडतो आणि शरीराला रात्र झाल्याचा निरोप पोचतो. उजेडाने, विशेषतः निळसर उजेडाने, हा निरोप लांबतो. मुलांच्या डोळ्याचं भिंग जास्त नितळ आणि बाहुली मोठी असल्याने त्यांच्यावर परिणामही जास्त. इथवर सगळं खरं. पण आठ फुटांवरच्या टीव्हीतून डोळ्यापर्यंत येणारा उजेड आणि एका फुटावरच्या मोबाईलचा उजेड एका तराजूत घालता येत नाहीत. खोलीतल्या टीव्हीचा खरा गुन्हा मला उजेडापेक्षा 'पुढे काय झालं' हा वाटतो. गोष्ट अर्धवट सोडून झोपणं मोठ्यांनाही अवघड जातं.

आणि मुळात तास कमी पडतात. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये ठरवलेल्या मापानुसार सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी 9 ते 12 तास झोप हवी, तेरा ते अठराला 8 ते 10. माझ्या मुलीची शाळा सकाळची, ती सहाला उठते. नऊ तास मोजायचे तर रात्री नऊला ती झोपलेली हवी. आमच्याकडे नऊला पानं मांडतात! मुलं रात्री उशिरा झोपतात आणि पहाटे शाळेसाठी उठवली जातात, ही तक्रार शेवटी सरकारपर्यंत पोचली. 2024 च्या फेब्रुवारीत शिक्षण खात्याने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं परिपत्रक काढलं. आमची सहावी त्यात बसत नाही. पण घड्याळाचं सकाळचं टोक सरकारने सरकवलं तरी रात्रीचं टोक आपल्याच हातात राहतं.

'असणं' आणि 'बघणं' यांतला फरक संशोधकांनाही दिसलाय. 1999 मध्ये अमेरिकेत शाळकरी मुलांच्या झोपेचा एक अभ्यास झाला. टीव्ही बघण्याच्या सवयींपैकी झोपेच्या तक्रारींशी सगळ्यात घट्ट नातं निघालं ते खोलीत टीव्ही असण्याचं. 2005 मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातल्या तिसरीच्या मुलांवर आणखी एक अभ्यास आला. ज्यांच्या खोलीत टीव्ही होता त्यांना गणित, वाचन आणि भाषा या तिन्ही चाचण्यांत इतरांपेक्षा कमी गुण होते. गंमत म्हणजे घरात कॉम्प्युटर वापरायला मिळणाऱ्यांचे गुण जास्त होते. म्हणजे सरसकट 'स्क्रीन वाईट' असं नव्हतं. अर्थात असे अभ्यास दोन गोष्टी सोबत चालताना दाखवतात. एकीमुळेच दुसरी झाली हे त्यातून सिद्ध होत नाही. ज्या घरात मुलांना खोलीत टीव्ही देतात, तिथे बाकीचीही शिस्त सैल असू शकते. तरी पाच वर्षं वरच्या मजल्यावर हा प्रयोग आपोआप होऊ दिलेला बाप म्हणून मला त्यांचं म्हणणं पटतं.

आता एक अडचण, आणि ती छोटी नाही. 'मुलांची खोली' हा शब्दच किती घरांत लागू होतो? माझ्या वर्गातली निम्मी पोरं, विशेषतः कुपवाडच्या एमआयडीसीकडून येणारी, दोन खोल्यांत राहतात. पुढची खोली दिवसा बैठकीची, संध्याकाळी अभ्यासाची, रात्री झोपायची, आणि टीव्ही तिथेच. तिथे पोर टीव्हीच्या खोलीत झोपतं. आई दिवसभर राबून आठला बसलेली, वडील दुसऱ्या पाळीवरून अकराला येणार, जेवताना ते टीव्ही लावणार. त्या माउलीला "मुलाच्या खोलीतून टीव्ही काढा" असं सांगणं म्हणजे टर उडवणं झालं. जागा बदलता येत नाही तिथे वेळच बदलावी लागते.

हे आमच्याच जिल्ह्यातल्या एका गावाने करून दाखवलंय. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने 2022 मध्ये ठराव केला आणि संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा झाला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद, मुलं अभ्यासाला. साडेआठला दुसरा भोंगा, मग काय बघायचं ते बघा. सुरुवातीला अंगणवाडी सेविका, आशाताई, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक दारोदार जाऊन समजावत होते. त्यांनी टीव्हीची जागा हलवली नाही, बघायला बंदीही केली नाही. वेळेला एक भिंत घातली, आणि ती सगळ्यांना सारखी, मोठ्यांनाही. म्हणून ती टिकली असं मला वाटतं. फक्त पोरांनी बंद करायचा आणि आपण बघायचं, हे एका घरातही चालत नाही. गावात कुठलं चालायला!

मोबाईलबद्दल फार लिहीत नाही. तो पांघरुणात शिरणारा टीव्ही आहे, आणि टीव्हीला निदान खिळा तरी असतो.

मधले उपाय मी सगळे करून पाहिले. रिमोट रात्री माझ्याकडे ठेवला. तिने टीव्हीच्या खालच्या कडेला असलेलं बटण शोधून काढलं. पिन टाकला, माझ्या जन्मसालाच्या पुढे माझी कल्पना गेली नव्हती, दोन दिवसांत उघडला. स्लीप टायमर लावला. लोकांना वाटतं टायमर म्हणजे टीव्ही खोलीत नसल्यासारखंच. तसं नाही. अर्ध्या तासाने टीव्ही बंद होतो, मूल जागं असतं, ते परत लावतं. टायमर झोपलेल्या माणसासाठी असतो. शिवाय या सगळ्यात मी रोज रात्री साडेनऊला हवालदार व्हायचो, आणि तिला रोज एक नवं कुलूप फोडायला मिळायचं.

शेवटी गेल्या मे महिन्यात स्टूल घेऊन चढलो आणि चार स्क्रू काढले. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी खाली येऊन आईजवळ बसली आणि म्हणाली, "आजी, ही बाई अजून हिलाच छळतेय?" मालिकेत तीन वर्षं काही घडलं नव्हतं, तिला लगेच सगळं कळलं. आता नऊला तिचे डोळे मिटतात असं नाही, साडेनऊ-पावणेदहा होतात. पण सकाळी तोंडावर पाणी मारावं लागत नाही. भिंतीवर चार भोकं राहिलीत, त्यांतल्या दोनांना तिने खिळे मारून शाळेच्या पदकांच्या फिती अडकवल्यात.

टीव्ही मात्र घरातच आहे. पंधराशेला तेव्हा दिला नाही, आता कोण फुकटही नेत नाही. आई म्हणाली, "माझ्या खोलीत लाव. मला नाहीतरी लवकर झोप येत नाही." लावला. काल पावणेबाराला टाकी बघायला निघालो तर तिच्या दाराखालून निळा उजेड येत होता. हळूच आत जाऊन टीव्ही बंद केला.

"बंद का केलास? मी बघत होते."