‘देखभाल’ या शब्दाआड काय काय जातं: ग्रेट बॅरियर रीफजवळचा गाळउपसा

समुद्रात गाळ टाकण्यावरची चौकट जुनीच आहे. १९७२चा लंडन करार, मग ऑस्ट्रेलियाचा १९८१चा कायदा. आजचे वाद मात्र २०१४पासूनचे. त्या जानेवारीत ॲबट पॉइंट या कोळसा बंदराच्या विस्तारातून निघणारा ३० लाख घनमीटरपर्यंत गाळ ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळ-रांगेच्या सागरी उद्यानाच्या हद्दीत टाकायला परवानगी मिळाली. गदारोळ एवढा झाला की त्याच वर्षी गाळ जमिनीवर नेण्याचा पर्याय पुढे आला आणि २०१५मध्ये उद्यानात तो टाकण्यावर बंदी आली.

बंदी फक्त ‘कॅपिटल’ गाळाला, म्हणजे जहाजांचा मार्ग नव्याने खोल किंवा रुंद करताना निघणाऱ्या. मंजूर खोलीवर पुन्हा साचलेला गाळ उपसला की ती ‘देखभाल’. तिला परवाना मिळतो. २०१९मध्ये ‘हे पॉइंट’ या कोळसा बंदराला दहा वर्षांत १० लाख टन गाळ टाकण्याची मुभा मिळाली ती याच वाटेने.

बंदरांचं म्हणणं असं, की हा गाळ नद्यांनीच आणलेला, वाऱ्या-लाटांनी एरवीही ढवळला जाणारा. अर्धं खरं आहे. पण खोदलेल्या मार्गात प्रवाह मंदावतो, बारीक गाळ तिथेच बसतो. मार्ग जेवढा खोल, तेवढा सापळा मोठा. आजचं कॅपिटल काम उद्याची देखभाल वाढवून ठेवतं, आणि ती वाढ बंदीच्या कक्षेबाहेर राहते. परिभाषेतली ही फट किरकोळ नाही.

परवान्याआधी गाळाचे नमुने घेऊन जड धातू आणि जहाजांच्या जुन्या रंगातलं ट्रायब्युटिल टिन हे विषारी रसायन तपासतात. उपशात खरी अडचण ओव्हरफ्लोची. ड्रेजरचा, म्हणजे गाळ उपसणाऱ्या जहाजाचा, हॉपर (गाळ साठवायची टाकी) भरला तरी पंप चालू ठेवतात. वाळू तळाशी बसते, ६३ मायक्रॉनहून बारीक कण पाण्याबरोबर परत समुद्रात जातात. त्यांचा पट्टा प्रवाळाचा प्रकाश अडवतो. ऑक्टोबर ते डिसेंबर, पौर्णिमेनंतरच्या रात्री प्रवाळ बीजं सोडतात. तेव्हा गढूळ पाण्यात फलन आणि अळ्यांचं चिकटणं दोन्ही बिघडतं. म्हणून त्या दिवसांत काम टाळावं, हे उघड आहे.

गढूळपणाची मर्यादा ठरवणं मात्र कठीण. गढूळपणा मोजणाऱ्या यंत्राच्या काचेवर शेवाळ चढलं की आकडे फुगतात, आणि पुरानंतर ड्रेजर नसतानाही मर्यादा ओलांडली जाते. त्यामुळे उपशाचा परिणाम पोचत नाही अशा लांबच्या तुलना-केंद्राशी फरक पाहावा लागतो. ते केंद्र प्रवाहाच्या खालच्या अंगाला बसवलं, तर ड्रेजरचा गढूळपणा तिथेही पोचतो आणि फरक दिसेनासा होतो.