एकच पेटी, दोन कामे: सिंथेसायझरवादन आणि लाइव्ह इलेक्ट्रॉनिक्स

मुक्त उत्स्फूर्त वादनाच्या, म्हणजे आधी काहीही न ठरवता वाजवण्याच्या, मैफलीत क्लॅरिनेट आणि चेलो यांच्या शेजारी कधी कधी एखादा वादक उघडी सूटकेस समोर ठेवून बसलेला दिसतो. सूटकेसमध्ये नॉब असतात, एक जॉयस्टिक असते आणि बारीक भोकांची एक जाळी असते. तो त्या भोकांत पिना खोचतो, उपसतो, आणि स्पीकरमधून काही तरी घरघरते, चिवचिवते, मध्येच फाटते. बहुतेक श्रोते या सगळ्याला 'इलेक्ट्रॉनिक्स' म्हणून मोकळे होतात. प्रत्यक्षात त्या क्षणी तो वादक दोन अगदी भिन्न गोष्टींपैकी एक करत असतो: तो स्वतःचा आवाज निर्माण करून इतरांबरोबर वाजवत असतो, किंवा क्लॅरिनेटचा आवाज माइकमधून आत घेऊन, त्याचे रूप पालटून, तो पुन्हा सभागृहात सोडत असतो. पहिल्या कामाला मी इथे सिंथेसायझरवादन म्हणतो आणि दुसऱ्याला, रूढ नावानेच, लाइव्ह इलेक्ट्रॉनिक्स.

गोंधळ होतो यात श्रोत्यांचा दोष नाही, कारण दोन्ही कामे करणारी पेटी पुष्कळदा एकच असते. लंडनच्या ईएमएस या कंपनीने १९६९ मध्ये आणलेला व्हीसीएस ३ हा सिंथेसायझर याचे उत्तम उदाहरण आहे. पीटर झिनोव्हिएफ, त्याची सर्किटे रचणारे डेव्हिड कॉकरेल आणि संगीतकार ट्रिस्ट्रम केरी यांच्या हातून तो घडला. पुढे १९७१ मध्ये तेच यंत्र सूटकेसमध्ये बसवून 'सिंथी ए' या नावाने आले. त्यात तीन ऑसिलेटर (विजेच्या कंपनांतून सूर निर्माण करणारे भाग), खरखर निर्माण करणारा एक नॉइज जनरेटर, आवाजातला काही भाग गाळणारा फिल्टर, दोन आवाज एकमेकांत मिसळून बदलणारा रिंग मॉड्युलेटर आणि घुमारा देणारा स्प्रिंगचा रिव्हर्ब आहे, आणि या सगळ्यांना एकमेकांशी जोडण्यासाठी वायरींऐवजी १६ गुणिले १६, म्हणजे २५६ भोकांची जाळी आहे. आडव्या ओळीत आवाजाचे उगम आणि उभ्या ओळीत त्यांची ठिकाणे असतात. जिथे पिन खोचली तिथे जोडणी झाली. याच आडव्या ओळींमध्ये बाहेरून येणाऱ्या आवाजाचे दोन मार्ग आहेत, आणि यंत्राच्या लेखी ऑसिलेटर आणि माइक यांच्यात काहीही फरक नाही. एक पिन दोन ओळी खाली सरकवली की सिंथेसायझरवादक लाइव्ह इलेक्ट्रॉनिक्सचा वादक होतो, आणि पाहणाऱ्याला फक्त हात हललेला दिसतो.

ब्रायन ईनोबद्दलचा गैरसमज याच जातीचा आहे. रॉक्सी म्युझिक या बँडमधला सिंथेसायझरवाला म्हणून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो ओळखला जाऊ लागला, परंतु त्याचा व्हीसीएस ३ मोठ्या प्रमाणात गिटार आणि सॅक्सोफोन यांचा आवाज बदलण्याच्या कामी येत असे, आणि सुरुवातीच्या काळात तर तो मंचावर नसून प्रेक्षागृहात, मिक्सिंग डेस्कपाशी असे. पुढे तो मंचावर आला, तेव्हा लोकांना साहजिकच वाटले की तो 'वाजवतो' आहे.

आता आधी खरोखरीच्या वादनाकडे पाहू, कारण मला तेच जास्त कठीण वाटते. अकॉस्टिक वाद्याचा आवाज वादकाने सतत काही तरी दिले तरच टिकतो. श्वास संपला की क्लॅरिनेट थांबते, गज उचलला की चेलोचा सूर मावळू लागतो, आणि पियानोचा सूर तर उमटल्या क्षणापासूनच विझत असतो. ऑसिलेटरचे बरोबर उलटे आहे. वीज चालू झाल्यापासून तो आत अखंड चालूच असतो आणि आपण फक्त दार उघडतो किंवा लावतो. म्हणून अकॉस्टिक वादकांबरोबर बसलेल्या सिंथेसायझरवादकाची पहिली कसोटी आवाज काढण्यात नसून आवाज बंद करण्यात असते. शेजारचा वादक श्वास घ्यायला थांबतो तेव्हा वाक्याला आपोआप एक विराम मिळतो. सिंथेसायझरवादकाला तो विराम ठरवून, हाताने पाडावा लागतो. नवखा वादक नेमका इथे सापडतो. त्याचा एकच गुंजन मिनिटभर चालू राहतो आणि बाकीचे वादक हळूहळू त्याच्यावर नक्षी काढणारे होऊन बसतात.

थॉमस लेन हा जर्मन वादक सिंथी ए घेऊन अनेक वर्षे अकॉस्टिक वादकांबरोबर वाजवत आला आहे, आणि त्याच्या वादनात हा प्रश्न जवळजवळ शारीरिक पातळीवर सोडवलेला दिसतो. नॉब अलगद फिरवत न बसता तो झटक्याने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेतो, आणि त्यामुळे आवाजाला ढोलावरच्या फटक्यासारखी सुरुवात आणि शेवट मिळतो. ज्या यंत्राला पट्ट्यांचा कीबोर्डसुद्धा मुळात जोडलेला नाही, त्यावर बोटांची अशी भाषा घडवणे म्हणजे खऱ्या अर्थाने वाद्य शिकणे आहे.

कीबोर्ड असला तरी सगळे सोपे होते असे नाही. १९७० चा मिनीमूग एका वेळी एकच सूर वाजवतो आणि त्याच्या ४४ पट्ट्यांना दाबाचा जोर कळत नाही. हलके दाबा किंवा आपटा, आवाज तेवढाच येतो. दोन पट्ट्या एकदम दाबल्या तर खालची जिंकते. सॅक्सोफोनवादक ज्या सहजतेने एकाच सुरात कुजबुज आणि आरोळी दोन्ही आणतो, ती सहजता इथे डाव्या हाताने फिल्टरच्या नॉबवर शोधावी लागते. जॅझ वाद्यवृंदाचा नायक सन रा याला मूग सिंथेसायझरचा निर्माता बॉब मूगने मिनीमूगचे प्रारूप तो बाजारात येण्याआधीच वापरायला दिले होते, आणि त्याने मोठ्या वाद्यवृंदाच्या मध्यभागी त्यावर जे केले त्यात सुरावटीपेक्षा नॉबचाच वाटा अधिक ऐकू येतो.

जुन्या यंत्राचा आणखी एक स्वभाव इथे आडवा येतो. आवाजाचे रूप जतन करून बटणासरशी परत आणण्याची सोय कीबोर्ड सिंथेसायझरांत रुळली ती १९७८ च्या प्रॉफेट-५ पासून. त्याआधीच्या यंत्रावर मघाचा आवाज पुन्हा हवा असेल तर तो पुन्हा शोधावा लागतो. शिवाय सूर घसरतो. ज्या ऑसिलेटरमध्ये तापमानाची भरपाई केलेली नाही, त्याच्या सर्किटमधले ट्रान्झिस्टर दर अंश सेल्सिअसला प्रत्येक सप्तक सुमारे ४ सेंटनी आकसवतात (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग), म्हणजे तीन सप्तके दूरचा सूर एका अंशातच १२ सेंट हलतो. गंमत अशी की क्लॅरिनेटही स्थिर नसते. नळीतली हवा तापली की ती दर अंशाला साधारण ३ सेंट चढते. सभागृह भरले, दिवे तापले, की एक चढते आणि दुसरे वेगळ्याच रीतीने वाकडे होते. मुक्त उत्स्फूर्त वादनात याची कोणी तक्रार करत नाही, कारण तिथे सुरांतली ती घासाघीसच कानाला हवी असते. ठरलेल्या सुरावटीच्या संगीतात मात्र हेच यंत्र डोकेदुखी ठरते.

लाइव्ह इलेक्ट्रॉनिक्समध्ये या अडचणींपैकी जवळजवळ एकही नसते आणि दुसऱ्याच उभ्या राहतात. इथे श्वास उसना मिळतो. क्लॅरिनेट थांबले की माइककडे काही येत नाही, त्यामुळे आवाजाचा आकार, त्याचा जोर, त्याचे विराम हे सगळे अकॉस्टिक वादकाकडून आयते येते. पण त्याच्या मोबदल्यात इलेक्ट्रॉनिक्सवाला दुसऱ्याच्या आवाजात हात घालत असतो, आणि तो हात किती खोल जातो हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल.

क्लॅरिनेटवादक ४४० हर्ट्झचा (सेकंदाला ४४० कंपनांचा) सूर धरतो. इलेक्ट्रॉनिक्सवाला तो रिंग मॉड्युलेटरच्या एका बाजूला देतो आणि दुसऱ्या बाजूला १०० हर्ट्झवर लावलेला ऑसिलेटर. रिंग मॉड्युलेटर या दोन्हींची बेरीज आणि वजाबाकी बाहेर सोडतो आणि मूळ सूर दाबतो. स्पीकरमधून ५४० आणि ३४० हर्ट्झ ऐकू येतात. आता क्लॅरिनेटवादक एक पूर्ण स्वर वर, ४९४ हर्ट्झवर जातो. स्पीकरमध्ये ५९४ आणि ३९४ येतात. हर्ट्झमध्ये सगळे ५४ नेच सरकले, पण कान गुणोत्तर ऐकतो: वादकाने दोन अर्धस्वरांची पायरी चढली, खालच्या सावलीने अडीचहून किंचित अधिक अर्धस्वरांची उडी मारली आणि वरची सावली दीडच्या जरा पुढे जाऊन थांबली. म्हणजे त्याने वाजवलेल्या ओळीचा आकारच मोडला. आता इलेक्ट्रॉनिक्सवाल्याने ऑसिलेटर सावकाश वर नेत ४४० पर्यंत आणला आणि वादकही मूळ सुरावर परतला, तर वजाबाकी शून्य होते आणि वरच्या सप्तकातला ८८० हर्ट्झचा सूर उरतो. अर्धा हर्ट्झ इकडेतिकडे झाला की तो हळू हिंदकळू लागतो. ही गणिते मूळ स्वनाची झाली. क्लॅरिनेटच्या प्रत्येक उपस्वनाची (मूळ स्वनासोबत उमटणाऱ्या वरच्या सुराची) अशीच बेरीज-वजाबाकी वेगळी होत असते, म्हणून निघणारा आवाज घंटेसारखा, धातूचा वाटतो. सुरावट क्लॅरिनेटवादकाची आणि स्वरांतरे दुसऱ्याच्या हातातली, अशी ही विलक्षण भागीदारी आहे.

तिला परंपरा आहे. जर्मन संगीतकार कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेन याने १९६४ मध्ये एका मोठ्या टॅम-टॅमसाठी (धातूच्या मोठ्या थाळीसारख्या तालवाद्यासाठी) रचना केली, तीत दोन वादक टॅम-टॅम वाजवतात, दोघे माइक त्याच्या पृष्ठभागावरून फिरवतात आणि आणखी दोघे फिल्टर आणि आवाजाची पातळी हाताळतात. ती लिहिलेली रचना होती, उत्स्फूर्त नव्हे, पण आवाज काढणारा आणि आवाज घडवणारा ही कामाची वाटणी तीत लख्ख दिसते. उत्स्फूर्त वादनात इव्हॅन पार्कर या इंग्लिश सॅक्सोफोनवादकाच्या इलेक्ट्रो-अकॉस्टिक एन्सेम्बलने १९९० च्या दशकापासून हीच वाटणी तत्काळ घडणाऱ्या संगीतात आणली. याच्या उलट उदाहरण हवे असेल तर रिचर्ड टायटलबॉम याचे घ्यावे: १९६७ मध्ये तो मूग सिंथेसायझर घेऊन रोमला गेला आणि 'मुझिका एलेत्रोनिका व्हिवा' या गटात इतर वादकांच्या बरोबरीने एक स्वतंत्र वादक म्हणून बसला. दोघांच्या मैफलींना 'इलेक्ट्रॉनिक्ससह उत्स्फूर्त वादन' असेच म्हटले जाते, आणि त्या शब्दांत मधला सगळा फरक हरवतो.

हा फरक ओळखायचा कसा? अकॉस्टिक वादक थांबल्यावर स्पीकरही थांबला तर ते लाइव्ह इलेक्ट्रॉनिक्स, आणि चालू राहिला तर सिंथेसायझर, ही झटपट चाचणी बहुतेक वेळा चालते. ती फसते तेव्हा मधे टेप डिले (आवाज काही सेकंदांनी परत ऐकवणारे यंत्र) किंवा मोठा रिव्हर्ब असतो. पाच सेकंदांपूर्वीचे चेलोचे वाक्य परत परत येत राहते आणि चेलोवादिका मात्र गज मांडीवर ठेवून शांत बसलेली असते. तो आवाज अजून तिचा आहे का? माझे उत्तर असे की, ती सुरुवात तिने केली होती, पण ती संपवायचा अधिकार आता तिच्याकडे नाही. आणि लाइव्ह इलेक्ट्रॉनिक्सवरून वादकांत जे खटके उडतात त्यांतले बरेचसे या अधिकाराबद्दलच असतात. सिंथेसायझरवादक चुकला तर तो स्वतः वाईट ऐकू येतो. लाइव्ह इलेक्ट्रॉनिक्सवाला चुकला तर चेलो वाईट ऐकू येते. म्हणून दुसऱ्या कामाआधी विचारून घेणे, म्हणजे कोणता माइक, किती उशीर आणि मूळ आवाज किती राखायचा हे ठरवणे, मला शिष्टाचारापलीकडचे, वाद्य लावण्याइतके आवश्यक वाटते.

स्पीकर कुठे ठेवायचा हेही यावरूनच ठरते. सिंथेसायझरवादकाने एकच स्पीकर स्वतःच्या खुर्चीमागे, साधारण कानाच्या उंचीवर ठेवावा, म्हणजे त्याचा आवाज क्लॅरिनेटसारखाच एका जागेवरून, एका माणसाकडून येतो आणि तो किती मोठा वाजतो आहे हे त्याला इतरांच्या बरोबरीने कळते. सिंथी ए मध्येच दोन छोटे स्पीकर बसवलेले आहेत, आणि लहान खोलीत तेवढे पुष्कळ होतात. लाइव्ह इलेक्ट्रॉनिक्समध्ये उलट स्पीकर वादकापासून दूर हवेत, कारण जवळ आले तर तोच आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून शिट्टी वाजू लागते, आणि क्लॅरिनेटच्या माइकमध्ये चेलोही घुसते.

मधली एक जागा उरते, आणि ती मला सर्वांत रंजक वाटते. १९७१ मध्ये आलेल्या आर्प २६०० या सिंथेसायझरमध्ये माइकचा प्रीअँप (माइकचा क्षीण आवाज वाढवणारा भाग) आणि एन्व्हलप फॉलोअर हे दोन्ही बसवलेले आहेत. एन्व्हलप फॉलोअर बाहेरच्या आवाजाचा जोर मोजतो आणि त्याचे विजेच्या दाबात रूपांतर करतो. तो बाहेरचा आवाज स्वतः स्पीकरमधून ऐकू येत नाही. त्या दाबाने फिल्टर उघडला, तर चेलोवादिकेने गजावर जोर दिला की सिंथेसायझरचा आवाज उजळतो आणि गज हलका केला की अंधारतो. आवाज पूर्णपणे ऑसिलेटरचा असतो, श्वास पूर्णपणे चेलोचा. काही मिनिटांत तिच्या हे लक्षात येते. मग ती लांब सूर सोडून गजाचे तुटक, खरखरीत फटके मारू लागते, जे केवळ चेलो म्हणून तिने कधी वाजवले नसते, आणि शेजारचा सिंथेसायझरवादक पट्टीवरचा हात काढून घेऊन नुसता फिल्टरचा स्लायडर धरून बसतो.