काचेतल्या पाणथळीत कोणता मासा सोडावा?

पॅल्युडेरियम म्हणजे काचेच्या पेटीत मांडलेली, अर्धी जमीन आणि अर्धे पाणी असलेली पाणथळ. ६० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ६० उंच अशी पेटी घेतली, तर तिच्यात १६२ लिटर पाणी मावते असा हिशेब निघतो, आणि हौशी माणूस त्या आकड्याच्या भरवशावर मासे निवडू लागतो. प्रत्यक्षात तिच्यात पाणी भरायचे असते जेमतेम १५ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ४० लिटर. त्यातला तिसरा हिस्सा जमिनीच्या उताराखाली जातो, आणि वाळू, दगड व लाकूड वजा केल्यावर माशांच्या वाट्याला २० लिटरच्या आसपास पाणी उरते. निवड करायची ती या २० लिटरांसाठी.

पाणी थोडे आहे, त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते वीतभरच खोल आहे. त्यामुळे उंच अंगाचा एंजल फिश आणि भरपूर घाण करणारा गोल्डफिश हे दोघे पहिल्याच फेरीत बाद होतात. निऑन टेट्रा आकाराने लहान असला तरी त्याला थव्याने सरळ पोहायला लांबी लागते, आणि मुळांच्या जाळ्यात ती त्याला मिळत नाही. विचार करायचा तो भातखाचराच्या कडेचा चर, ओहोळाचा संथ कोपरा, कुजक्या पानांनी भरलेले डबके अशा जागी पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या माशांचा.

मासा पाहताना रंगाआधी तोंड पाहावे, असे माझे मत आहे. कोकण-गोव्याच्या ओहोळांत आढळणारा पट्टेरी पँचॅक्स घ्या. त्याची पाठ सपाट आणि तोंड वर वळलेले असते, कारण त्याचे अन्न पाण्याच्या पृष्ठभागावर पडते. माझ्या पेटीतल्या शेवाळावरून एकदा मुंगी घसरली. ती पाण्याला टेकताच तरंगाचे एक बारीक वर्तुळ उठले, तोवर काडीसारखा निश्चल असलेला मासा वळला, आणि वर्तुळ काचेपर्यंत पोचण्याआधी मुंगी नाहीशी झाली होती. जमिनीकडून पाण्याकडे अन्नाचा असा ओघ सुरू राहणे हीच तर पॅल्युडेरियमची खरी गंमत आहे, आणि वरच्या तोंडाचा मासा तिचा पुरेपूर उपयोग करतो. पण हा मासा १० सेंटिमीटरपर्यंत वाढतो, तोंडात मावेल तो मासा गिळतो आणि उडीही चांगली मारतो. एका सकाळी तो मला जमिनीवरच्या शेवाळात, सुदैवाने ओलाच, सापडला. म्हणून लहान पेटीसाठी त्याचा छोटा भाऊबंद, चार-पाच सेंटिमीटरचा हिरवा पँचॅक्स, अधिक योग्य. झाकण मात्र दोघांनाही हवेच.

पश्चिम किनाऱ्याचा विषय निघालाच आहे, तर येथल्या निमखाऱ्या पाण्यातल्या एका पारदर्शक, दोन-तीन सेंटिमीटरच्या माशाचा उल्लेख टाळवत नाही. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९४० साली तेव्हाच्या मुंबई प्रांतातून त्याचे वर्णन ‘होराइक्थिस सेटनाय’ या नावाने प्रसिद्ध केले. यातला नर शुक्राणूंची पुडी मादीच्या अंगाला चिकटवतो आणि मादी फलित झालेली अंडी घालते. अभ्यासाला असा मासा क्वचित मिळतो, पण तो फार नाजूक असल्यामुळे खाडीतच राहिलेला बरा.

थव्याची हौस असेल तर बोर्निओतला चिली रासबोरा उत्तम. तो जेमतेम दोन सेंटिमीटरचा असतो आणि दलदलीतल्या चहासारख्या तांबूस, आम्ल पाण्यात राहतो. पेटीतले लाकूड आणि बदामाची वाळकी पाने पाण्याला तोच रंग देतात. २० लिटरांत आठ-दहा मासे सहज नांदतात. मात्र त्याला प्रवाह सोसत नाही, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. धबधब्यासाठी ताशी ३०० लिटरचा पंप बसवला, तर सगळे पाणी तासाला १५ वेळा फिरते. डबक्यातल्या माशाच्या दृष्टीने तो कायमचा पूर आहे. धार सरळ न सोडता शेवाळाच्या भिंतीवरून झिरपू द्यावी आणि पंपाच्या तोंडाला स्पंज लावावा, म्हणजे हे इवलेसे मासे आत ओढले जात नाहीत.

गॅलेक्सी रासबोराचे ठिपके पाहून मोह होतो. २००६ साली म्यानमारच्या शान प्रांतात होपाँगजवळ उजेडात आलेला हा मासा समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंचावरच्या थंड, झाडोऱ्याच्या तळ्यांत राहतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३० अंशांना साडेसातच. झाकलेल्या पेटीत, दिव्याखाली, नागपूरच्या मे महिन्यात या माशाचे काय होईल ते सांगायला नको. उन्हाळा कडक असेल तर त्यापेक्षा बेट्टा, म्हणजे फायटर मासा, बरा, कारण तो वरची हवा थेट घेतो आणि झाकणाखालची उबदार, दमट हवा त्याला मानवते. तोही एकच ठेवावा.

पाण्याची वाफ होते, क्षार मात्र मागेच राहतात. त्यामुळे घटलेली पातळी बोअरवेलच्या पाण्याने भरत गेल्यास महिन्यागणिक पाणी जड होत जाते. वरची भर आरओच्या पाण्याने घालावी. मासे सोडण्याआधी झाडे लावून पेटी चार-सहा आठवडे चालू ठेवावी, म्हणजे अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू वाळूत आणि स्पंजमध्ये जम बसवतात. ते नायट्रेट पुढे मनी प्लांटची पाण्यात सोडलेली मुळे शोषून घेतात.

माझी स्वतःची पसंती स्कार्लेट बॅडिसला आहे. उत्तर बंगाल आणि आसामातल्या झऱ्यांचा हा दोन सेंटिमीटरचा मासा झाडांच्या मुळांत हिंडून जिवंत भक्ष्य टिपतो. कोरड्या खाद्याकडे तो सहसा पाहत नाही, म्हणून आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जीवाची, पिल्ले उबवण्याची तयारी हवी. नर आपापली हद्द राखतात, तेव्हा एका नराला एक-दोन माद्या द्याव्यात. पण दुकानात येतात ते बहुधा नरच, कारण राखी, बिनपट्ट्यांच्या माद्यांना गिऱ्हाईक नसते. त्यातही दबून राहिलेला नर मादीसारखाच फिका दिसतो. माद्या म्हणून मी आणलेल्या दोन राखी माशांपैकी एकावर तीन आठवड्यांत लाल पट्टे उमटले, आणि पेटीच्या मधोमध शेवाळाचा आणखी एक दाट गठ्ठा रोवावा लागला.