स्व-ओळख आणि व्यक्तित्व

'मी कोण?' या प्रश्नाला माणूस मनाशी जे उत्तर देतो आणि वय, जागा, कामधंदा बदलला तरी जे बऱ्याच अंशी टिकून राहते, त्याला स्व-ओळख म्हणतात. मिळालेल्या ओळखीतले काय ठेवायचे आणि काय नाकारायचे, हे स्वतःच्या बुद्धीने ठरवू लागल्यावर व्यक्तित्व घडते. घर, जात, भाषा, गाव यांतून ओळख आयतीच पदरात पडते. व्यक्तित्व कमवावे लागते, आणि बहुधा त्याची किंमतही मोजावी लागते.

वेदान्ताने बदलत्या देहामनामागे न बदलणारा आत्मा मानला, तर बौद्ध मताने असा स्थिर 'मी' नाकारला. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६९४ मध्ये जाणिवेच्या आणि स्मृतीच्या सातत्यावर ओळख उभी केली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १८९० मध्ये जाणणारा 'मी' आणि जाणला जाणारा 'मी' यांत भेद केला. माणसाला जितके लोक ओळखतात तितके त्याचे सामाजिक 'मी' असतात, असेही त्याने म्हटले.

महाराष्ट्रात हा प्रश्न ग्रंथांपेक्षा घरात, शाळेत आणि वर्तमानपत्रांत अधिक धसास लागला, आणि त्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे हिने १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. वेद फक्त ब्राह्मणांचे असतील तर आमचा धर्म कोणता, हा तिचा रोकडा सवाल होता. ज्या समाजाला बाकीचे लोक केवळ जातीने ओळखत, त्यातली एक शाळकरी मुलगी थेट देवाकडे उत्तर मागत होती. ती बोलते 'आम्ही' म्हणून, पण लेखणी उचलण्याचे धाडस तिचे एकटीचे. व्यक्तित्व म्हणजे आपल्या माणसांपासून तुटणे, हा समज या निबंधापुढे टिकत नाही.

मिल आणि स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञांच्या विचारांनी प्रभावित झालेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी व्यक्तीची विवेकबुद्धी रूढीच्या वर ठेवली. 'केसरी' सोडून त्यांनी १८८८ मध्ये 'सुधारक' हे वृत्तपत्र काढले. विरोधकांनी ते जिवंत असतानाच पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढली.

स्त्रियांच्या बाबतीत ओळखीचा प्रश्न नावापासूनच सुरू होतो. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने वधूचे नवे नाव लिहिण्याची चाल अजूनही काही घरांत आहे. कुर्लेकरांची यमुना १८७३ मध्ये रमाबाई रानडे झाली. पुढे पुण्याच्या सेवासदन या स्त्रियांसाठीच्या संस्थेच्या कामातून, १९०९ नंतर, हे दिलेले नाव तिने पुरते स्वतःचे केले. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, शासकीय कागदपत्रांत, वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लागते.

आजच्या पुण्यात हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे दिसतो तो सदाशिव आणि नारायण पेठेतल्या, सरकारी नोकरीच्या स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांच्या अभ्यासिकांत. टेबलावर चिकटवलेले वेळापत्रक, खुर्चीच्या पाठीला अडकवलेली सॅक, जेवणाला खाणावळ. गावी कोणी विचारले तर उत्तर ठरलेले: 'तयारी करतोय.' एरिक एरिक्सन या मनोविश्लेषकाने तारुण्यातल्या अशा काळाला समाजाने दिलेली मुदत मानले. या मुदतीत तरुणाने वेगवेगळ्या भूमिका चाचपून पाहाव्यात, ही त्याची अपेक्षा. अभ्यासिकेतली मुदत वेगळी आहे. इथे चाचपणी होत नाही, एकाच पदाची वाट पाहिली जाते, आणि ते पद मिळेपर्यंत लग्न, घर, छंद, मैत्री सगळे लांबणीवर पडते. म्हणून अपयश आले की नोकरी हुकल्याचे दुःख तर होतेच, पण 'मी कोण' याचे हाताशी असलेले एकमेव उत्तरही जाते. याच मुलाला शेतीतले बारकावे कळत असतात, तो कबड्डी उत्तम खेळतो, धाकट्या भावंडांना गणित शिकवतो. घरच्यांच्या आणि त्याच्या स्वतःच्या मोजमापात मात्र यांतले काहीच धरले जात नाही.