क्रिप्टोचलन आणि जागतिक सत्ताकारण

क्रिप्टोचलन : कोणत्याही एका सरकारने वा बँकेने न काढलेले, संगणकांच्या जाळ्यावरील सामायिक खतावणीत नोंदले जाणारे डिजिटल चलन. या खतावणीला ब्लॉकचेन म्हणतात. बिटकॉइन या क्रिप्टोचलनाच्या बाबतीत तिची प्रत जगभरच्या हजारो संगणकांवर असते, पक्की झालेली नोंद मागाहून खोडता येत नाही आणि ती खरी ठरवायला कुणा दिवाणजीची गरज पडत नाही. चलन पाडणे हा आजवर राजसत्तेचा हक्क मानला गेला. त्याला बगल देणारी व्यवस्था असल्यामुळे क्रिप्टोचलन पहिल्या दिवसापासून राजकारणाचा विषय झाले.

कोल्हापूरकरांना हा पेच अगदीच परका वाटू नये. संस्थानाचा शंभू पिरखानी रुपया पन्हाळ्याच्या टांकसाळीत पाडला जाई. त्या काळी मराठी मुलखात वेगवेगळ्या टांकसाळींचे रुपये एकाच पेठेत फिरत. प्रत्येकाचा कस वेगळा, म्हणून एक रुपया देऊन दुसरा घेताना सराफ बट्टा कापून घेई. नाण्यावर नाव कुणाचे, याइतकेच ते कुठे आणि कुणाच्या हातून बदलून मिळते यालाही महत्त्व होते. क्रिप्टोचलनाचे राजकारण समजून घ्यायला बट्ट्याची ही जागाच सर्वांत उपयोगी पडते. खतावणीच्या आतल्या नोंदीवर कुठल्या सरकारचा शिक्का लागत नाही. पण त्या नोंदीचे रुपये किंवा डॉलर करायचे तर बहुतेकांना एक्सचेंजच्या, म्हणजे क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या पेढीच्या, दारातून जावे लागते, आणि त्या दाराशी सरकार उभे असते.

बिटकॉइनचा आराखडा सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध झाला. दीडच महिन्यापूर्वी लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडाली होती. ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकमध्ये, म्हणजे खतावणीच्या पहिल्या पानात, त्या दिवशीच्या लंडनच्या ‘टाइम्स’चा मथळा गोठवलेला आहे : ब्रिटनचे अर्थमंत्री बँकांना दुसऱ्यांदा सावरण्याच्या बेतात आहेत. बिटकॉइनची संख्या २ कोटी १० लाखांवर बांधलेली आहे, म्हणून त्याला ‘डिजिटल सोने’ म्हणण्याची पद्धत पडली. ही उपमा २०२२ मध्ये कसाला लागली आणि उतरली नाही. फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने त्या वर्षी व्याजदर जवळपास शून्यावरून चार टक्क्यांच्या वर नेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९,००० डॉलरच्या घरात गेलेला बिटकॉइन वर्षभरात १६,००० च्या खाली आला. सोन्याचा डॉलरमधला भाव मात्र वर्षअखेरीस जवळपास जिथल्या तिथे होता. कोल्हापूरच्या गुजरीतल्या सराफाला किंवा हुपरीच्या चांदी कारागिराला परदेशी व्याजदराने भाव हलतो हे सांगावे लागत नाही. फरक इतकाच, की भाव पडला तरी पैंजण पायात राहते.

बिटकॉइनची नोंद पक्की करायला प्रचंड वीज लागते. या कामाला मायनिंग म्हणतात. त्यामुळे हे ‘देश नसलेले’ चलनही स्वस्त विजेच्या देशांशी बांधले गेले. २०२० पर्यंत जगातले निम्म्याहून अधिक मायनिंग चीनमध्ये होते. मे २०२१ पासून चीनने ते बंद पाडायला सुरुवात केली आणि २४ सप्टेंबर २०२१ रोजी क्रिप्टोचे सारे व्यवहार बेकायदा ठरवले. यंत्रे अमेरिका आणि कझाकस्तानात गेली. जानेवारी २०२२ मध्ये कझाकस्तानात इंधन दरवाढीवरून दंगली पेटल्या, सरकारने इंटरनेट तोडले आणि तिथली यंत्रे एका फटक्यात जाळ्याबाहेर फेकली गेली. इराणने २०१९ मध्ये मायनिंगला परवाना दिला तो निर्बंधांमुळे बाहेर विकता न येणाऱ्या ऊर्जेचा पैसा करण्यासाठी. पण शहरांत वीज जाऊ लागल्यावर २०२१ च्या उन्हाळ्यात त्यालाच ते थांबवावे लागले.

निर्बंधांच्या लढाईत क्रिप्टोचलन दोन्ही बाजूंनी वापरले गेले. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने आक्रमण केल्यावर दोनच दिवसांत युक्रेन सरकारने क्रिप्टोत देणग्या मागितल्या. पाश्चात्त्य देशांनी रशियाची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली, आणि २०२४ मध्ये रशियाने परदेश व्यापारात क्रिप्टो वापरण्यास कायद्याने वाट दिली. सर्वांत उघड वापर उत्तर कोरियाचा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्सचेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलरची चोरी झाली. ती उत्तर कोरियाने केल्याचे एफबीआय या अमेरिकी तपाससंस्थेने जाहीर केले. भारतालाही याची झळ बसली. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजमधून २३ कोटी डॉलरहून अधिक किमतीचे क्रिप्टो चोरीला गेले, आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान व दक्षिण कोरियाने संयुक्त निवेदनात तेही उत्तर कोरियाच्याच खात्यावर मांडले. आपल्याकडच्या एखाद्या नोकरदाराची बचत प्याँगयाँगच्या तिजोरीत जाऊ शकते, हे या विषयाचे गांभीर्य ओळखायला पुरेसे आहे.

डॉलरला पर्याय म्हणून मिरवलेल्या या व्यवस्थेने सर्वांत मोठी चाकरी डॉलरचीच केली, असे स्टेबलकॉइनकडे, म्हणजे ज्याची किंमत डॉलरसारख्या चलनाशी बांधलेली असते अशा नाण्याकडे, पाहून म्हणावे लागते. २०१४ मध्ये आलेल्या टेथर या स्टेबलकॉइनचे एक नाणे म्हणजे एक डॉलर असा वायदा असतो. कंपनी डॉलर घेते, नाणे देते आणि त्या डॉलरचा मोठा भाग अमेरिकी सरकारच्या अल्प मुदतीच्या रोख्यांत ठेवते. टेथरकडे आज असे १०० अब्ज डॉलरहून अधिक रोखे आहेत. अर्जेंटिना, तुर्कस्तान किंवा नायजेरियातला माणूस महागाईपासून बचत वाचवायला मोबाइलवर हे नाणे घेतो, तेव्हा नकळत तो अमेरिकेच्या सरकारला कर्ज देत असतो आणि त्याच्या स्वतःच्या देशाच्या मध्यवर्ती बँकेची पकड तेवढी सैल होते. नायजेरियाने २०२१ मध्ये बँकांना क्रिप्टोपासून दूर राहायला सांगितले आणि डिसेंबर २०२३ मध्ये ती बंदी उठवली. अमेरिकेने हा फायदा ओळखून १८ जुलै २०२५ रोजी ‘जीनियस’ कायदा केला. स्टेबलकॉइनमागे डॉलर किंवा अल्प मुदतीचे सरकारी रोखे यांसारखी ठेव राखण्याची अट त्यात आहे.

वायदा मात्र ठेव जिथे आहे तितकाच पक्का असतो. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा यूएसडीसी या नाण्यामागचे ३.३ अब्ज डॉलर तिच्यात अडकले. त्या ‘एका डॉलर’ला एका वेळी सुमारे १२ सेंटांपर्यंत बट्टा बसला. टेरा या नाण्यामागे तर डॉलरची ठेवच नव्हती, फक्त गणिती सूत्र होते. ते मे २०२२ मध्ये काही दिवसांतच मातीमोल झाले.

काही सरकारांनी स्वतः क्रिप्टोचलन काढण्याचे किंवा चालवण्याचे प्रयोग केले, पण ते टिकले नाहीत. व्हेनेझुएलाचा ‘पेट्रो’ २०१८ मध्ये आला आणि २०२४ च्या सुरुवातीला गुंडाळला गेला. एल साल्वाडोरने सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनला कायदेशीर चलन केले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून १.४ अब्ज डॉलरचे कर्ज ठरल्यावर जानेवारी २०२५ मध्ये बिटकॉइन स्वीकारण्याची सक्ती काढावी लागली.

भारताची भूमिका बंदी आणि मान्यता यांच्या मधली आहे. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून बँकांना क्रिप्टो व्यवहारांपासून तोडले. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द केले. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आणि १ जुलै २०२२ पासून हस्तांतरणावर १ टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) लागला. एका व्यवहारातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता करता येत नाही. मार्च २०२३ पासून एक्सचेंज मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आले. रिझर्व्ह बँकेची काळजी रास्त आहे : रुपया परदेशी चलनात मोकळेपणी बदलता येत नाही, आणि ती मर्यादा चुकवण्याची वाट मोबाइलमध्ये आली आहे. बँकेने स्वतःचा ई-रुपया १ डिसेंबर २०२२ पासून सामान्यांसाठी चाचणीला काढला.

महाराष्ट्रात या विषयाची ओळख अनेकांना दुःखदायक मार्गाने झाली. ‘गेनबिटकॉइन’ या योजनेने १८ महिने दरमहा १० टक्के परताव्याचे आमिष दाखवले, २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी त्यात अटका केल्या. बिटकॉइनवर व्याज आपोआप चढत नाही, हे एक वाक्य तेव्हा घरोघरी पोचले असते तर कितीतरी संसार वाचले असते.

कोल्हापुरात जागतिक डॉलर थेट येतो तो फाउंड्रीच्या मालावर. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या वसाहतींतले कास्टिंग परदेशी जाते, त्याचे बिल बहुधा डॉलरमध्ये असते. एखाद्या गिऱ्हाइकाने ते पैसे टेथरमध्ये देऊ केले, तर मिनिटांत येतील आणि बँकेचा खर्चही वाचेल. परंतु परकीय चलनाच्या नियमांनुसार निर्यातीची वसुली अधिकृत बँकेमार्फत व्हावी लागते. क्रिप्टोत आलेली रक्कम बँकेच्या नोंदीत येत नाही, म्हणून तिचे वसुली प्रमाणपत्र निघत नाही. ते नसले तर शिपिंग बिलासमोरची (माल पाठवताना कस्टमकडे दिलेल्या कागदासमोरची) नोंद उघडी राहते आणि निर्यातीच्या सवलतीही अडकतात. माल गिऱ्हाइकाकडे पोचलेला, पैसे कारखानदाराच्या मोबाइलमध्ये आलेले, तरी सरकारच्या लेखी ती रक्कम येणेच असते.