मांडवातला उजेड आणि स्वस्तातला कॅमेरा

मित्राच्या लग्नाचे फोटो काढायला कॅमेरा घ्यायचा म्हटलं की दुकानात पहिला प्रश्न ठरलेला: "किती मेगापिक्सेलचा?" अल्बमचं १२ बाय १८ इंचाचं पान ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायला साडेएकोणीस मेगापिक्सेल पुरतात. साधा, जुना डीएसएलआरही (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) २४ देतो. मोबाइलवरचे '२०० मेगापिक्सेल' तर एरवी सोळा-सोळा पिक्सेल एकत्र करून साडेबाराच हातात ठेवतात. घोडं अडतं ते उजेडापाशी.

विदर्भात एप्रिल-मेच्या उन्हात खेड्यावरची बरीच लग्नं गोरज मुहूर्तावर ठेवतात. डीजेपुढे नाचत वरात मांडवात पोचेस्तोवर अंधार पडलेला असतो. (मुहूर्त टळला म्हणून कोणाचा संसार मोडल्याचं काही ऐकिवात नाही, पण फोटोचा उजेड मात्र टळतो.) अंतरपाट धरला जातो तेव्हा वर दोन-चार एलईडी आणि मागे रंगीत पट्ट्या, एवढ्यावरच भागवायचं असतं.

कमी उजेडात फोटोवर जी वाळू पसरल्यासारखी दिसते तिचं मूळ कॅमेऱ्यात कमी आणि प्रकाशातच जास्त आहे. प्रकाश फोटॉनच्या, म्हणजे कणांच्या, रूपात सुटा सुटा येतो आणि त्या येण्यात नियमितपणा नसतो. एका पिक्सेलवर सरासरी १०० फोटॉन पडत असतील, तर शेजारच्या पिक्सेलवर ९०, त्याच्या पलीकडे ११० असं सहज होतं. हा चढउतार सरासरीच्या वर्गमुळाएवढा असतो: १०० ला १०, म्हणजे १० टक्के, १०,००० ला १००, म्हणजे फक्त १ टक्का. नवरीच्या गालाचा रंग एकच असला तरी पहिल्या फोटोत तो ठिपक्याठिपक्यांचा दिसेल, दुसऱ्यात सलग. आयएसओ (फोटो उजळ करणारी कॅमेऱ्यातली सेटिंग) वाढवून फोटॉन वाढत नाहीत, मिळालेला संकेत तेवढा मोठा होतो आणि चढउतारही सोबत मोठा होतो.

मग फोटॉन वाढवायचे कसे? शटर जास्त वेळ उघडं ठेवलं तर अक्षता टाकणारे हात फिसकटतात. उरतं लेन्सचं तोंड. ते किती उघडतं हे एफच्या आकड्यावरून कळतं: आकडा लहान, तर तोंड मोठं. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिलिमीटरची लेन्स ५५ला, म्हणजे पूर्ण झूम केल्यावर, फार तर एफ ५.६ पर्यंत उघडते. ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स घ्या: ५.६ भागिले १.८, त्याचा वर्ग, म्हणजे जवळजवळ ९.७ पट उजेड. जिथे आयएसओ ६४०० लागत होता तिथे ६४० वर काम होतं.

म्हणून पैसे बॉडीवर (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यावर) कमी, लेन्सवर जास्त. सेकंडहँड कॅनन १५००डी, २००डी किंवा निकॉन डी३५००, डी५६०० यांतलं काहीही चालेल. निकॉनमध्ये एक खोच आहे. या दोन्ही बॉडींत फोकसची मोटर नाही. स्वतःची मोटर नसलेली 'एएफ-डी' लेन्स स्वस्त मिळाली म्हणून घेतली तर ती बसेल, पण फोकस हाताने फिरवावा लागेल. मोटर लेन्समध्येच असलेली, 'एएफ-एस' लिहिलेलीच घ्या. जुन्या लेन्समध्ये मागून टॉर्च मारून बुरशीचे धागे बघा. एफ १६ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला की सेन्सरवरची (कॅमेऱ्यातल्या, प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवरची) धूळ काळ्या डागांत दिसते.

एफ १.८ फुकट मिळत नाही. दोन मीटरवरून जेमतेम ११ सेंटिमीटर खोलीच स्पष्ट येते: नवरदेव स्पष्ट, अर्धं पाऊल मागे उभी करवली धूसर. नवरा-नवरीच्या जोडीसाठी एफ २.८, घरच्यांच्या रांगेला एफ ५.६ आणि फ्लॅश ठेवा. वरातीच्या धुळीत फ्लॅश मारला की फोटोत पांढरे गोल उमटतात. काही जण त्यात पूर्वजांचे आत्मे बघतात. ते लेन्ससमोर तरंगणारे, फोकसबाहेरचे धुळीचे कण असतात. फ्लॅश लेन्सपासून दूर धरला की बहुतेक नाहीसे होतात.

शटर १/१०० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. १/१०० मध्ये एक पूर्ण मिणमिण मावते आणि फोटोत आडवे पट्टे येत नाहीत. लाइन गेली आणि जनरेटर सुरू झाला की मात्र लोडप्रमाणे हर्ट्झ खालीवर होतात. तेव्हा लगेच एक फोटो काढून मोठा करून बघा; पट्टे दिसले तर १/५० वर या आणि हलणारे हात थांबेपर्यंत बटण दाबू नका.