तुडवलेल्या चिखलातलं क्लबमॉस

होमिओपॅथीवर भिस्त असलेल्या घरांत 'लायकोपोडियम' हे नाव नवं नसतं. छोटी बाटली, साबुदाण्यासारख्या गोळ्या आणि चिकटपट्टीवर पेनाने लिहिलेलं 'लायको २००'. त्या गोळीत मूळ द्रव्य कितीसं उरतं हा वाद आज नको. नाव मात्र एका खऱ्या वनस्पतीचं आहे: लायकोपोडियम क्लॅव्हॅटम, क्लबमॉसची एक जात. हिचे बीजाणू म्हणजे फिकट पिवळी, पिठासारखी मऊ भुकटी. ती पाण्याने भिजत नाही आणि ज्योतीवर उधळली की भक्कन पेटते. युरोपातल्या जुन्या नाटकांत वीज चमकवायला तीच वापरायचे. १९३८ साली चेस्टर कार्लसनने न्यूयॉर्कमध्ये ज्या तंत्राने पहिली प्रत काढली त्याला आपण पुढे झेरॉक्स म्हणू लागलो. त्या प्रतीवरची अक्षरंही याच भुकटीने उमटली होती.

हिची एक लहानखुरी चुलत बहीण उत्तर गोलार्धाच्या थंड पट्ट्यात राहते, लायकोपोडिएला इनन्डाटा. इंग्रजीत तिला नॉर्दर्न बॉग क्लबमॉस किंवा मार्श क्लबमॉस म्हणतात. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ साली तिला नाव देताना 'पाण्याखाली गेलेलं' अशा अर्थाचं विशेषण जोडलं, आणि ते चपखल बसलं.

पहिला घोळ 'मॉस' या शब्दाचा: क्लबमॉस हे खरं मॉस नाही. पावसाळ्यात आपल्याकडे भिंतींवर खऱ्या मॉसची जी हिरवी मखमल चढते तिचं एक पान भिंगाखाली धरून पाहा. बहुतेक वेळा ते एकाच पेशीच्या जाडीचं, आरपार दिसणारं असतं. त्या रोपाला खरी मुळं नसतात. क्लबमॉसचं खोड नखाने मोडलं तर मध्ये धाग्यासारखा चिवट गाभा लागतो. पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या त्यातच असतात. खाली खरी मुळं फुटलेली दिसतात. फुलं नाहीत, बिया नाहीत, सगळा कारभार बीजाणूंवर. याच गोतावळ्यातले लेपिडोडेंड्रॉनसारखे ३० मीटरहून उंच वृक्ष सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेच्या दलदलीत माजले होते, आणि तिथला बराचसा कोळसा त्यांचाच आहे. (आपल्या चंद्रपूरच्या कोळशाचं श्रेय मात्र त्यांना देऊ नका. तो नंतरच्या काळातला, मुख्यतः ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडांच्या जंगलांचा.)

आता इनन्डाटा ओळखायची कशी? जमिनीला चिकटून सरपटणारं बारीक खोड, सहसा वीतभराच्या आतलं. त्यावर ४ ते ६ मिलिमीटरची सुईसारखी पानं, कोणी खालून वर विंचरल्यासारखी सगळी वर वळलेली. या आडव्या खोडातून एखाददुसरी कांडी ताठ उभी राहते, ३ ते १० सेंटिमीटरची. तिचं टोक किंचित जाडसर असतं. हाच तो 'क्लब', म्हणजे बीजाणू धरणारा शंकू. गदा म्हणावं तर अगदीच किरकोळ. टोकातल्या प्रत्येक पानाच्या बगलेत बीजाणूंची एक पिवळसर थैली बसलेली असते. पण ही पानंही खालच्या पानांसारखीच हिरवी, त्यामुळे साधी कांडी कुठे संपली आणि शंकू कुठे सुरू झाला ते पटकन कळत नाही. गंमत म्हणजे हीच हिची खूण. क्लॅव्हॅटमचे शंकू लांब, विरळ पानांच्या दांड्यावर आणि बहुधा जोडीने येतात, शिवाय तिच्या पानांच्या टोकाला पांढरा केस असतो. हुपर्झिया सेलॅगो ही क्लबमॉसची आणखी एक जात तर सरपटतच नाही. ती झुपक्याने उभी राहते आणि शंकू धरत नाही.

खरं तर भिंग काढायच्या आधी पायाखाली बघावं. इनन्डाटाला लागते ओली, आम्लधर्मी आणि पोषणाला कंगाल जमीन: पीट (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) किंवा पीट मिसळलेली वाळू, तळ्याचा काठ, हिवाळ्यात पाणी साचून उन्हाळ्यात उघडा पडणारा खळगा. सोबतीला बहुधा ड्रॉसेरा असतं. कासच्या सड्यावर आपण ज्याला दवबिंदू म्हणतो त्याचेच हे भाऊबंद. जमिनीत नायट्रोजन मिळत नाही म्हणून दोन्हीकडे ते किडे पकडून खातात. इनन्डाटाला मात्र तसली शिकार जमत नाही. ती फक्त जिथे उंच गवत टिकाव धरत नाही तिथली जागा धरते.

आणि इथेच हिची अडचण होते. क्लॅव्हॅटमच्या बीजाणूतून निघणारी पहिली पिढी जमिनीखाली, अंधारात, बुरशीच्या जिवावर वर्षानुवर्षं काढते. इनन्डाटाची ही पिढी हिरवी असते आणि जमिनीच्या पृष्ठभागावर, उजेडात वाढते. वर गवताचं छप्पर आलं की तिचा प्रकाश गेला. म्हणून तिला उघडी माती हवी. इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या माळांवर, डॉर्सेट आणि न्यू फॉरेस्टमध्ये, ही माती शतकानुशतकं माणसं आणि जनावरंच उघडी ठेवत आली. लोक पीट खणायचे, बैलगाड्या-घोडागाड्या जायच्या, गुरं चरायची. ते बंद पडलं तिथे झुडपं माजली आणि क्लबमॉस गेलं. न्यू फॉरेस्टमध्ये तट्टं अजून मोकळी चरतात, तिथे ते अजून भेटतं. दुर्मिळ वनस्पती दिसली की भोवती कुंपण घालायचं हा आपला पहिला विचार, आणि हिच्या बाबतीत तो घातक ठरतो. आता काही ठिकाणी मुद्दाम वरचा थर खरवडून काढतात.

पाहायला जायचं तर उन्हाळा सरताना, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जावं. तेव्हा कांड्या उभ्या असतात. तट्टांच्या ओल्या वाटेवर गुडघे टेकून बसायची तयारी हवी. डिसेंबरात त्याच जागी गेलात तर कांड्या मेलेल्या, मागचं खोड कुजलेलं. आडव्या खोडाचं पुढचं टोक तेवढं हिरवं असतं, बहुधा साचलेल्या थंड पाण्याखाली. वसंतात ते तिथूनच पुढे सरपटू लागतं.